नवख्यांना गुहेत नेताना: धोक्याचा अंदाज आणि संकटाची तयारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. शाळेची सहल, ऑफिसचा ग्रुप, पुण्या-कोल्हापूरहून आलेली भाचरंडं, सगळ्यांना गुहा बघायची असते. त्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी, म्हणजे लीडरसाठी, हे पान आहे. गेली काही वर्षं मी गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे भागांत नवख्यांच्या लहान बॅच नेतोय. त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले तेवढेच इथे घेतलेत.

गोव्यात गुहा आहेत तरी कुठल्या?

लोकांना ठाऊक असलेल्या बहुतेक गुहा माणसाने जांभ्यात कोरलेल्या: साखळीजवळची हरवळे, डिचोलीची लामगाव, फोंड्याकडची खांडेपार, सांग्याकडची रिवण. हरवळ्याला लिंगं उजेडातच दिसतात, तिथे हेल्मेट घालून गेलात तर पुजारी हसेल. रिवणला मात्र वाकून खाली उतरावं लागतं आणि दोन पावलांत अंधार होतो. याशिवाय जांभ्याच्या सड्याखाली पाण्याने पोखरलेल्या पोकळ्या आहेत, घाटातल्या ओहोळांच्या कपारी आहेत आणि किनाऱ्यावर लाटांनी खाल्लेल्या घळी आहेत. मेघालयात क्रेम लियात प्राहसारखी 30 किलोमीटरहून लांब गुहा आहे. तसलं इथे काही नाही. गावागावात 'ह्या देवळातून त्या देवळात भुयार जातं' असं सांगतात. सांगणारे भरपूर भेटले, पलीकडून बाहेर पडलेला अजून कुणी भेटला नाही.

इतक्या लहान गुहेला संकटाची योजना कशाला? पन्नास पावलं तर आत जायचं.

त्या पन्नास पावलांत घोटा मुरगळला तर काय करायचं, हे एकदा घरी करून बघा. घरातल्या पंचाहत्तर किलोच्या माणसाला जमिनीवर झोपवा आणि जेवणाच्या टेबलाखालून, त्याचा पाय न हलवता, पलीकडे न्या. मग त्यात चिखल घाला, अंधार घाला, आणि टेबल तिरकं करा.

जायला दहा मिनिटं लागली तर जखमी माणसासह यायलाही दहाच लागतील, असा हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात कितीतरी पट वेळ लागतो. शिवाय बाहेर आलात म्हणजे रुग्णवाहिका दारात उभी नसते. अर्धा तास रान तुडवून रस्ता, तिथून वाळपई किंवा फोंडा, आणि डोक्याला मार असेल तर थेट बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. अग्निशमन दलाची माणसं जिवावर उदार होऊन येतात, पण अरुंद फटीतून माणूस काढणं हे त्यांचं रोजचं काम नव्हे. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) बटालियन पुण्याजवळ आहे, ती येईपर्यंत रात्र होईल. तेव्हा पहिले काही तास तुमची सुटका करणारं पथक म्हणजे तुम्हीच.

धोक्याचा तक्ता कसा भरायचा? शक्यता गुणिले तीव्रता, असं एक कोष्टक मिळालं आहे.

मीही ते भरत होतो. 'घसरणे: शक्यता 3, तीव्रता 2, गुणाकार 6, हिरवा रंग.' कागद देखणा दिसतो आणि हिरवा रंग बघून मन शांत होतं, हीच त्याची खोड आहे. आता मी प्रत्येक जागेपाशी तीन प्रश्न लिहितो. इथे काय होऊ शकतं? ह्या बॅचमधल्या कुणाला होण्याचा संभव जास्त? आणि झालं तर त्या माणसाला उजेडात आणायला किती वेळ, किती माणसं लागतील?

तिसऱ्या प्रश्नाने सगळं पालटतं. गुहेच्या तोंडापाशी घसरणं आणि सरपटायच्या जागेपलीकडे घसरणं, कोष्टकात दोन्ही सहाच. पण पहिल्याला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात, दुसऱ्याला अख्खी दुपार लागते. म्हणून नवख्यांना सरपटायच्या जागेपलीकडे मी नेत नाही, मग पलीकडे कितीही सुंदर दालन असो.

आणखी एक: तक्ता भरायचा तो त्याच हंगामात स्वतः आत जाऊन आल्यावर. गेल्या वर्षीचा तक्ता हा गेल्या वर्षीच्या गुहेचा असतो.

जांभ्याची गुहा पडते का?

पडते. चिरेखणीवर काम केलेल्या कुणालाही विचारा: जांभा उघड्यावर आला की वाऱ्या-उन्हाने घट्ट होतो, आतला ओला असतो तोवर मऊच. शिवाय तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी छत ठिबकतंच, आणि भिजून जड झालेला थर सुटतो तो असाच, बाहेर लख्ख ऊन असताना.

आत शिरताच मी आधी जमीन बघतो, छत नंतर. जुने पडलेले दगड काळपट असतात, त्यांच्यावर धूळ आणि लेंड्या बसलेल्या असतात, कडा बोथट झालेल्या असतात. ताजा पडलेला दगड उजळ तांबडा, कडेला धार, बोटाने घासला की हळदीसारखी पिवळी भुकटी हाताला लागते. असा एक जरी दिसला की त्या दिवशी ती गुहा बंद. छताला काठीने ठोकून बघणारे लीडर मी पाहिलेत. तसं करू नका. छत खोटं निघालं तर उत्तर डोक्यावरच मिळतं.

बॅच किती मोठी असावी?

सहा नवखे, दोन जाणते. त्यातला एक पुढे, एक शेवटी, आणि सगळ्यात हळू चालणारा पुढच्याच्या मागोमाग दुसरा. चारापेक्षा कमी माणसांनी तर आत जाऊच नये: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ बसतो आणि दोघं मिळून मदतीला बाहेर पडतात. अंधारात एकट्याला धावत पाठवलं की दुसरा जखमी तयार होतो.

एका संस्थेने मला पंधरा मुलं सांगून अडतीस आणली होती. बस येऊन थांबली, मुलं उतरतच राहिली. सोबतच्या ताई म्हणाल्या, "सर, एवढ्या लांबून आलोत, पटकन दाखवून आणा ना." पाच गट करून तोंडापासच्या उजेडातच फिरवलं. मुलं हिरमुसली, ताईही. तरी अडतीस डोकी मोजताना त्या दिवशी तीनदा चूक झाली, तीही उजेडात.

'बाहेरचा माणूस' म्हणजे कोण?

माझ्या लेखी दोर, हेल्मेट, टॉर्च ह्या सगळ्यांच्या आधी येतो तो हा. आत न जाणारा, फोनला रेंज असलेल्या जागी बसलेला आणि घड्याळाकडे बघणारा माणूस. त्याच्याशिवाय योजनेच्या कागदाची किंमत शून्य, कारण आत रेंज नसते आणि तुम्ही अडकलात हे जगाला कळायला दुसरी वाट नसते.

2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉलची 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, ते सगळ्यांना आठवत असेल. पाणबुडे, पंप, किर्लोस्करांचे पंपतज्ज्ञ, सगळं पुढे आलं. पण सुरुवात कशी झाली? संध्याकाळी पालकांचे फोन खणखणू लागले, आणि सरावाला असूनही गुहेत न गेलेल्या एका मुलाला ठाऊक होतं की बाकीचे कुठे गेलेत. तोंडापाशी सायकली सापडल्या. तो मुलगा नसता तर शोध कुठल्या डोंगरापासून सुरू झाला असता? योजना कुणीच केलेली नव्हती, बाहेरचा माणूस योगायोगाने मिळाला. आपण योगायोगावर जाऊ नये.

आमच्या बाहेरच्या माणसाकडे एकच कागद असतो, मोबाइलमध्ये नव्हे, हातात. त्यावर सगळ्यांची नावं, वय, रक्तगट, दमा-फिट-मधुमेह-ॲलर्जी, घरचा नंबर. गुहेच्या तोंडाचे अक्षांश-रेखांश. गाडी येते ती शेवटची जागा. आणि दोन वेळा. पहिली 'बाहेर यायची वेळ', समजा दुपारी 12.30. दुसरी 'फोन करायची वेळ', 1.30. मधल्या तासात तो तोंडापाशी जाऊन हाक मारून येतो. आत मात्र शिरत नाही. दीड वाजला की फोन. 'आणखी पाच मिनिटं बघूया' हे वाक्य त्याला वर्ज्य आहे.

फोन कुणाला आणि काय सांगायचं?

112, रुग्णवाहिकेसाठी 108, अग्निशमन दल 101. अभयारण्यात असाल तर वनखात्याच्या जवळच्या चौकीचा नंबर आधीच लिहून ठेवलेला असावा. सांगायचं ते ह्या क्रमाने: गाव, वाडा, गाडी कुठवर येते, किती माणसं आत, काय झालंय. 'गुहेत अपघात झालाय, लवकर या' एवढंच सांगून फोन ठेवतात लोक, आणि गाडी दुसऱ्याच वाड्यावर जाते. म्हणून तिठ्यावर एक माणूस उभा करायचा, रंगीत टी-शर्टातला. रात्र असेल तर टॉर्च देऊन. त्याने तिथून हलायचं नाही.

पाऊस नसेल तर पाण्याची भीती नाही ना?

थाम लुआंगच्या तोंडाशी फलक होता: जुलै ते नोव्हेंबर आत जाऊ नये. मुलं गेली 23 जूनला. तारखेने पाहिलं तर नियम मोडलाच नव्हता. ती सापडली 2 जुलैला, शेवटची बाहेर आली 10 जुलैला, आणि त्यांना वाचवायला गेलेला माजी नौसैनिक पाणबुड्या 6 जुलैला दगावला.

आपल्याकडेही 'जून ते सप्टेंबर बंद' एवढंच लक्षात ठेवलेलं असतं. पण मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस दुपारनंतर घाटमाथ्यावर कोसळतो, तुमच्या डोक्यावर तेव्हा निळं आभाळ असतं. ओहोळाशी संबंध असलेली कुठलीही जागा मी 1 डिसेंबरच्या आधी आणि एप्रिलनंतर घेत नाही. बाकी महिन्यांतही आदल्या दोन दिवसांत वर पाऊस झाला असेल तर रद्द.

पाणी कुठवर चढतं ते गुहा स्वतःच सांगते: छताच्या फटीत अडकलेली पानं, काटक्या, प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी डोक्याच्या वर असेल तर पाणीही तिथवर आलेलं आहे. आणि गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, "हांगा पावसांत उदक खंय मेरेन येता?" (इथे पावसात पाणी कुठवर येतं?) त्याने हात छातीशी नेला की समजून घ्या. आत असताना पाणी गढूळ झालं, पाचोळा वाहत आला किंवा आवाज बदलला तर त्या क्षणी बाहेर. वाट आधीच बुडाली असेल तर पोहून बघायचं नाही. उंच जागी चढून बसायचं, दिवे एक सोडून सगळे बंद करायचे आणि थांबायचं. बाहेरच्या माणसाकडे वेळ लिहिलेली आहे, म्हणूनच असं थांबता येतं.

समुद्राकाठच्या घळींचं काय?

नवख्यांना मी नेत नाही. तरी नेणार असाल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला नकोच. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, काल बघितलेली वेळ आज चालत नाही. ओहोटी अजून चालू असताना शिरायचं, ती सरायच्या आत बाहेर यायचं. रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारा, ॲपपेक्षा ते बरे.

आत थंडी वाजते का? परदेशी पुस्तकांत थंडीने गारठण्याबद्दल पानंच्या पानं असतात.

ती पुस्तकं थंड देशांची आहेत. गुहेचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ असतं. म्हणजे गोव्यात सत्तावीसच्या आसपास, आणि दमट इतकं की घाम वाळतच नाही. इथे माणूस आडवा होतो तो उकाड्याने. डोकं जड होणं, मळमळ, चिडचिड, मग अचानक गप्प होणं. गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघा. माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं, आणि तोंडाला रुमाल बांधून धापा टाकत चालणाऱ्याला तो काढायला सांगणं. भिजून रात्र काढायची वेळ आली तर मात्र डिसेंबरात घाटात गारठतं, म्हणून एक चादर आणि मोठ्या दोन कचऱ्याच्या पिशव्या सॅकमध्ये असतात.

हवा खराब आहे हे कसं ओळखायचं? लायटर पेटवून?

लायटर फक्त प्राणवायू फार कमी झालाय का ते सांगतो. कार्बन डायऑक्साइड तीन-चार टक्क्यांवर गेला की माणसाला धाप लागते, डोकं ठणकतं, आणि लायटर तेव्हाही छान पेटलेला असू शकतो. पालापाचोळा कुजणाऱ्या खोलगट, बंद जागा संशयास्पद. स्वस्थ उभं असताना दोघांना धाप लागली की काहीही न विचारता मागे फिरायचं. जुन्या खाणींचे खंदक आणि बोगदे ह्याच कारणाने, आणि आणखी दहा कारणांनी, आमच्या यादीत नाहीत.

दिवे, हेल्मेट वगैरे?

माणशी हेडटॉर्च, एक जादा टॉर्च, शिवाय लीडरकडे सुटे सेल. मोबाइलचा टॉर्च मोजायचा नाही. तो हातात धरावा लागतो आणि मग घसरताना धरायला हात उरत नाही. हनुवटीचा पट्टा असलेलं हेल्मेट. स्कूटरचं नको, मान वळत नाही. गळ्यात शिटी. हरवलात तर जागेवर बसा आणि आल्प्समधल्या रीतीप्रमाणे मिनिटभरात सहा शिट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा.

साप, मधमाश्या, वटवाघळं?

सापाची भीती सगळ्यांना, आग्या मोहोळाची कुणालाच नाही. माझा अनुभव उलटा आहे. कपारीला पोळं लटकलेलं असेल तर त्या गुहेला हात जोडायचे. अत्तर, डिओ, सिगारेट, अगरबत्ती, आरडाओरडा बंद. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळायचं, हात झाडत थांबायचं नाही. काटे खरवडून लवकर काढायचे. ओठ सुजले, श्वास घुसमटला तर तो माणूस तासाभराचा नसून मिनिटांचा आहे असं समजून 108.

साप चावला तर: माणूस निजवा, अवयव फळीने बांधून स्थिर करा, अंगठी-घड्याळ काढा, उचलून न्या. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. सापाला मारून सोबत आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्यांच्यावर आपल्याकडची लस चालते. घाटातल्या चापड्यांवर तिचा भरवसा नाही, तरी इस्पितळ गाठायचंच.

वटवाघळांच्या वाळक्या विष्ठेच्या धुळीत बुरशी असू शकते, ती फुप्फुसात गेली की हिस्टोप्लाज्मोसिस होतो. पायाखाली भुसभुशीत थर आणि उडणारी धूळ असेल तर आत नको. पुढच्या तीन आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरला 'गुहेत गेलो होतो' हे आवर्जून सांगायचं, ते काही मनकवडे नाहीत. वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबणाने धुवून रेबीजची लस. आणि त्रास त्यांनाही होतो. सीमेपलीकडे भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहेत सापडलेल्या वटवाघळाची एक जात 1913 साली जगाला पहिल्यांदा कळली, ती आजही मोजक्याच ठिकाणी आहे. तिथे न्या म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी गळ घालतं. नेत नाही.

आत कुणी घाबरलं तर?

बहुतेक वेळा हेच होतं. मागे एका अरुंद वळणावर एक काका अडकले. अडकले म्हणजे दोन बोटांची जागा होती, पण भीतीने छाती फुगवून बसले होते. मी ओढलं नाही. त्यांच्या समोर आडवा पडलो, टॉर्च त्यांच्या डोळ्यांवरून काढून माझ्या हातांवर धरला आणि विचारलं, "काका, आज सकाळी नाश्त्याला काय होतं?" "भाजी-पाव," म्हणाले. "कुठली भाजी?" "अळसांदे." बोलायला श्वास सोडावा लागतो. तिसऱ्या उत्तराला छाती खाली बसली आणि ते आपसूक सुटले. मग अख्खी बॅच परत फिरवली. एकाला परत पाठवून बाकीच्यांना पुढे नेलं की त्या एकाची लाज दुप्पट होते, आणि जाणता माणूस एक कमी.

खरंच इजा झाली तर पहिल्या पाच मिनिटांत काय?

सगळ्यांना बसवा. वर बघा, दुसरा दगड येतोय का. मग जखमीकडे. रक्त दाबून थांबवा, श्वास बघा. मान किंवा पाठ दुखत असेल, पाय बधिर असतील तर हलवू नका, पाणी चढत असेल तेवढा अपवाद. घड्याळात वेळ बघून लिहा. दोघांना चिठ्ठी देऊन बाहेर पाठवा, तोंडी निरोप बदलत जातो. बाकीच्या नवख्यांना काम द्या: दिवा धरणं, पाणी मोजणं. रिकामी बसलेली माणसं घाबरतात.

पालकांनी संमतीपत्रावर सही दिली की आपली जबाबदारी संपली?

नाही. ते पत्र मुलाचा दमा कळावा म्हणून घ्यायचं. निष्काळजीपणामुळे कुणी दगावलं तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथे सही दाखवून सुटका होईल ह्या भ्रमात राहू नका.

परवानग्या?

म्हादई, नेत्रावळी, मोले ही अभयारण्यं. वनखात्याच्या परवान्याशिवाय आत पाऊल नको. हरवळ्यासारखी जागा पुरातत्त्व खात्याची. बाकी ठिकाणी गावकाराला आणि देवस्थानाला विचारायचं. राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा असेल तर नारळ ठेवायचा, चपला बाहेर. ह्यात माझा एक स्वार्थही आहे: ज्या गावाला तुम्ही आत गेलात हे ठाऊक आहे, त्या गावात शंभर बाहेरची माणसं असतात.

बाहेर आल्यावर काय करायचं?

डोकी मोजा, नावं घेऊन. आणि फोटोच्या आधी बाहेरच्या माणसाला कळवा. एकदा आम्ही बाराला सुखरूप आलो, गुहेच्या पलीकडच्या अंगाला सावलीत डबे उघडले, आणि कळवायचं राहिलं. दीड वाजता त्याने फोन केला. दोनच्या सुमाराला तिठ्यावर बंब, आणि आम्ही हातात सोलकढीचे पेले घेऊन. जवानांची माफी मागितली. बाहेरच्या माणसावर कुणीतरी डाफरलं, "जरा थांबायचं होतंस." त्याने कागद पुढे केला. 1.30 माझ्याच अक्षरात होतं.